‘विकसनशील देशाचा विद्यार्थी’ म्हणजे नेमका कोण?

परदेशी शिष्यवृत्त्यांच्या अर्जांचा हंगाम ऑगस्टच्या सुमारास सुरू होतो आणि जानेवारीपर्यंत चालतो. या महिन्यांत माझा फोन जरा जास्त वाजतो. कोणी नांदेडहून बोलत असते, कोणी कलबुर्गीहून, कोणी दिल्लीतल्या मुखर्जीनगरच्या खोलीतून. बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. ‘ताई, एसओपी एकदा बघाल का?’ इथून बोलणे सुरू होते आणि दहा मिनिटांनी खरा प्रश्न येतो: ‘आपल्यासारख्यांना हे खरंच मिळतं का?’

या प्रश्नाला मी बरीच वर्षे ‘हो, मिळतं, तू भर’ एवढेच उत्तर देत आले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. पुरे उत्तर द्यायचे तर आधी त्या अर्जाकडे नीट पाहावे लागेल.

अर्ज उघडला की पहिल्याच पानावर देश विचारतात. यादीतून ‘भारत’ निवडला की आपण पात्र ठरतो, कारण भारत विकसनशील देशांत मोडतो. पुढे लिंग विचारतात, अपंगत्व आहे का ते विचारतात. जात बहुधा कुठेच विचारत नाहीत. आता दोन अर्जदार डोळ्यांसमोर आणा. एक दिल्लीतल्या नामांकित इंग्रजी शाळेत शिकलेला, आईवडील दोघेही परदेशात शिकून आलेले. दुसरी बीड जिल्ह्यातली, आईवडील दर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे. अर्जात दोघेही ‘भारत’. दोघेही विकसनशील देशाचे विद्यार्थी.

मला एवढेच म्हणायचे आहे की शिष्यवृत्ती देणाऱ्यांचा हिशेब देशापाशी थांबतो, आणि देशाच्या आत कोणाला मिळाली हे ठरवण्याचे काम जातव्यवस्थेवर सोडलेले असते. त्यांच्या मते शिष्यवृत्ती निवडपत्रापासून सुरू होते. आपली अडचण निवडपत्राच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

पैसे मोजले, माणसे मोजली नाहीत

‘विकसनशील देशांतील विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती’ ही कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जगाची आहे. अमेरिकेबरोबरचा भारताचा फुलब्राइट करार १९५० चा. कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती १९५९ मध्ये ऑक्सफर्डला भरलेल्या राष्ट्रकुल शिक्षण परिषदेतून आली. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग १९८३ पासूनची. जर्मनीच्या डीएएडीचे विकसनशील देशांसाठी वेगळे अभ्यासक्रम आहेत. हा पैसा बऱ्याच अंशी त्या देशांच्या विकास मदतीच्या खात्यातून येतो. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेची समिती अशा मदतीस पात्र देशांची यादी ठेवते आणि भारत त्या यादीत आहे.

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची उद्दिष्टे ठरवली. त्यात शिक्षणाच्या उद्दिष्टाखाली ४.ब हे लक्ष्य होते: विकसनशील देशांसाठीच्या शिष्यवृत्त्या २०२० पर्यंत भरीव प्रमाणात वाढवणे. हे लक्ष्य गाठले की नाही ते कशावरून ठरवायचे? माप असे ठरले: शिष्यवृत्त्यांवर खर्च झालेल्या विकास मदतीची रक्कम. म्हणजे रक्कम वाढली की लक्ष्य पुढे सरकले. ती रक्कम दिल्लीच्या त्या मुलाकडे गेली की बीडच्या त्या मुलीकडे, याने त्या मापात काही फरक पडत नाही.

आपल्या सरकारचेही तसेच. परदेशात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०२४ मध्ये तेरा लाखांवर गेल्याचे सरकारने सांगितले. हे आकडे देशवार मांडले जातात, कॅनडात किती, अमेरिकेत किती, ब्रिटनमध्ये किती. जातवार मांडले जात नाहीत. मग ‘भारतीय विद्यार्थ्यांची जगभर भरारी’ असे मथळे वाचताना भारतातले कोण भरारी घेत आहेत, हा प्रश्न विचारायची सोयच राहत नाही.

निवडपत्राच्या आधीचा खर्च

आता त्या बीडच्या मुलीच्या बाजूने अर्ज भरून पाहू.

पासपोर्ट, पंधराशे रुपये. इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा, सतरा-अठरा हजारांच्या घरात. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे अर्जशुल्क प्रत्येकी साधारण ७५ ते १२५ डॉलर, आणि शहाणपणाचा सल्ला असा की किमान सहा-सात ठिकाणी अर्ज करावा. केंद्रीय विद्यापीठात नेट नसलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला महिना ८,००० रुपये फेलोशिप मिळते. म्हणजे एका इंग्रजीच्या परीक्षेला दोन महिन्यांहून जास्त फेलोशिप गेली, आणि अजून कोणी आपले नावही वाचलेले नाही. अमेरिकेतली बरीच विद्यापीठे मागितल्यास अर्जशुल्क माफ करतात. पण मागता येते हे कोणी सांगितलेले असावे लागते. ज्यांच्या घरात आधी कोणी गेलेले असते त्यांना ते जेवणाच्या ताटावर कळते. आपल्याला ते मुदत संपल्यावर कळते.

मग शिफारसपत्रे. दोन किंवा तीन लागतात. अर्जाची अट असते की शिफारस करणाऱ्याचा ईमेल संस्थेचा असावा. माझ्या ओळखीच्या एका मुलीला ज्यांनी खरोखर शिकवले, रात्री खोलीवर बोलावून पुस्तके दिली, ते सर तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर होते. त्यांना संस्थेचा ईमेल नव्हता. तो कायम प्राध्यापकांनाच मिळतो. शेवटी तिने विभागप्रमुखांना गाठले. त्यांनी तिला कधी वर्गात पाहिले नव्हते. ‘तूच लिहून आण, मी पाठवतो,’ म्हणाले. जो शिक्षक तिला ओळखत होता त्याचा शब्द चालला नाही, आणि ज्याचा शब्द चालला त्याला ती माहीत नव्हती.

नंतर निबंध. चेव्हनिंगला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा, कामाचा अनुभव लागतो. त्यात बिनपगारी इंटर्नशिप आणि स्वयंसेवा धरली जाते. बिनपगारी काम कोण करू शकतो, हे वेगळे सांगायला नको. नेतृत्वाचे उदाहरण विचारतात. वस्तीत जाऊन दोन महिने मुलांना शिकवले की ते नेतृत्व होते. त्याच वस्तीत वाढून, बारावीपासून शेजारच्या पोरांचे जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म, रेशनकार्डाची कामे करत आलेल्या मुलीला वाटते की हे काय सांगायचे, हे तर सगळेच करतात. मी तिला म्हणते, हेच लिही. ती म्हणते, ‘ताई, हे लिहिलं तर हसतील.’ हा संकोच तिचा एकटीचा नाही. आपल्या कामाला काम म्हणायचे नाही, हे शाळेपासून शिकवले गेले आहे.

प्रवेश मिळाल्यावर पैशांचा आणखी एक पेच असतो. तो मी स्वतः अनुभवला म्हणून सांगते. एमएच्या दुसऱ्या वर्षी मला एका ब्रिटिश विद्यापीठात प्रवेश मिळाला. जागा राखण्यासाठी दोन हजार पौंड अनामत मे महिन्याच्या शेवटापर्यंत भरायची होती. शिष्यवृत्तीची यादी लागणार होती जुलैत. दोन हजार पौंड म्हणजे तेव्हाचे जवळपास दोन लाख रुपये, माझ्या आईच्या अंगणवाडीच्या मानधनाचे वर्षाहून जास्त. विद्यापीठाला मुदत वाढवून मागितली, त्यांनी नम्रपणे नाही म्हटले. यादी लागली तेव्हा माझ्याकडे प्रवेशच उरला नव्हता. कोणी माझ्याशी वाईट वागले नाही. सगळे नियमाप्रमाणे झाले. त्या नियमाने फक्त एवढे गृहीत धरले होते की प्रत्येकाच्या घरात दोन महिने अडकवून ठेवता येतील असे दोन लाख असतात. मी पुढे इथेच पीएचडीला आले आणि त्याची खंत बाळगत नाही. पण ‘गुणवत्तेवर निवड’ हे शब्द ऐकले की मला ती मे महिन्याची तारीख आठवते.

आणखी एक सावधगिरी इथेच नोंदवते. विद्यापीठांच्या जाहिरातींत ‘विकसनशील देशांसाठी शिष्यवृत्ती’ म्हणून जे असते, त्यातले बरेच काही फीमधली थोडी सूट असते. परदेशी विद्यार्थ्यांची फी स्थानिकांपेक्षा कितीतरी जास्त असते, त्यातून काही हजार पौंड कमी केले जातात. ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा (२०२५ मध्ये ५२४ पौंड) आणि आरोग्य अधिभार (२०२५ मध्ये दरवर्षी ७७६ पौंड), हे आणि राहणे-खाणे त्यात येत नाही. ही सूट घेऊन जाण्यासाठी शेत किंवा घर गहाण ठेवायची वेळ येत असेल तर ती शिष्यवृत्ती नव्हे. अर्ज करण्याआधी फी, निर्वाह, प्रवास आणि व्हिसा यांपैकी काय काय मिळते ते वाचा.

बाबासाहेबांच्या शिष्यवृत्तीची सुरुवात कुठे झाली?

आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे की १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. पण ती साखळी न्यूयॉर्कला सुरू झाली नाही. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी या मुलाला हेरले होते. त्यांनी महाराजांकडे शब्द टाकला, आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या शिक्षणासाठी महिना २५ रुपये सुरू झाले. १९१२ मध्ये बीए झाले. त्यानंतर कोलंबिया.

म्हणजे आधी हेरणारा शिक्षक, मग कॉलेजात टिकण्यापुरते पैसे, आणि मग परदेशाचे निवडपत्र. आज आपण तिसऱ्या पायरीचे सोहळे करतो आणि पहिल्या दोन पायऱ्या मुलांच्या नशिबावर सोडतो. केळुसकर गुरुजींचा शब्द चालला. आमच्या तासिका तत्त्वावरच्या सरांचा चालला नाही.

त्या शिष्यवृत्तीची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. करारानुसार बाबासाहेबांनी परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची होती. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्याला गेले. राहायला घर मिळाले नाही, पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढले. करार विद्यार्थ्याला परत यायला बांधत होता. त्याला माणसासारखे ठेवून घ्यायला गावाला बांधणारा करार कुठेच नव्हता. आजही चेव्हनिंगसारख्या शिष्यवृत्त्यांत शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परत येण्याची अट असते. प्रतिभा देशाबाहेर जाऊ नये, हा हेतू चांगला आहे. पण परतलेल्या आपल्या पोरांना इथल्या विद्यापीठांत जागा कोण देतो? राखीव पदांच्या मुलाखतींनंतर ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ हा शेरा किती विभागांत मारला जातो? परतण्याची अट घालणाऱ्यांनी हाही प्रश्न विचारायला हवा.

आपल्याच सरकारची शिष्यवृत्ती

‘जात विचारत नाहीत’ ही तक्रार परदेशी संस्थांची झाली. आपल्याकडे तर जात विचारून दिली जाणारी राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, १९५४-५५ पासून आहे. मग अडचण काय?

पहिली अडचण संख्येची. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या या योजनेत साऱ्या देशासाठी १२५ जागा आहेत: ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त-भटक्या जमातींसाठी, ४ भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांसाठी. आदिवासी मंत्रालयाच्या वेगळ्या योजनेत २० जागा. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींची लोकसंख्या वीस कोटींवर आणि अनुसूचित जमातींची दहा कोटींवर होती. तेरा लाख विद्यार्थी बाहेर असलेल्या देशात या संख्येला काय म्हणायचे, ते वाचकांनी ठरवावे.

दुसरी अडचण रकमेची. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्याला या योजनेतून वर्षाला ९,९०० पौंड निर्वाहभत्ता ठरलेला आहे. २०२५ च्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारनेच व्हिसासाठी धरलेला किमान राहणीखर्च लंडनमध्ये महिना १,४८३ पौंड आणि लंडनबाहेर १,१३६ पौंड होता. व्हिसाच्या हिशेबात तो नऊ महिन्यांचा धरतात. गुणाकार करून पाहा. लंडनबाहेरचे नऊ महिनेसुद्धा १०,२२४ पौंडांवर जातात. आपला भत्ता बारा महिन्यांचा आहे.

तिसरी अडचण वेळेची. जुलै २०२५ मध्ये या शिष्यवृत्तीच्या निवड यादीत १०६ जण होते. त्यांतल्या ४० जणांनाच तात्पुरती पत्रे दिली गेली आणि ६६ जणांना सांगण्यात आले की निधी उपलब्ध झाला तर पत्र मिळेल. सप्टेंबरला वर्ग सुरू होतात. जुलैत ‘निधी झाला तर’ ऐकणाऱ्या मुलाने विद्यापीठाला काय कळवायचे? उशीर ही आपल्याकडे किरकोळ बाब मानली जाते. रोहित वेमुलाने शेवटच्या पत्रात आपली सात महिन्यांची थकलेली फेलोशिप घरच्यांना मिळावी असे लिहिले होते. त्याला बरीच वर्षे झाली. फेलोशिप वेळेवर देण्याची शिस्त अजून आलेली नाही.

चौथी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. फेब्रुवारी २०२२ मध्ये या योजनेच्या नियमांत एक कलम आले: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीत बसणार नाहीत. कारण दिले गेले की हे विषय भारतातच चांगले शिकता येतात. वरवर ते पटण्यासारखे वाटते. पण याचा परिणाम बघा. जातीवर संशोधन करायला परदेशात जाणे काही बंद झालेले नाही. ज्यांच्याकडे स्वतःचा पैसा, घरातली ओळख किंवा परदेशी विद्यापीठाची फेलोशिप आहे, ते जातीवर, दलित स्त्रियांवर, आदिवासींच्या जमिनीवर प्रबंध लिहीतच आहेत. दक्षिण आशियाई अभ्यासाच्या विभागांत ही पुस्तके चालतात, त्यावर नोकऱ्या मिळतात. या कलमाने अडवले ते फक्त त्यांना, ज्यांच्यावर हे लिहिले जाते. तुम्ही जा, यंत्रे शिका, व्यवस्थापन शिका, पण तुमच्या जगण्याविषयी जगाशी बोलायचे काम दुसरे कोणी करील, असा त्याचा अर्थ होतो.

९ मे १९१६ रोजी कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी वाचलेला निबंध भारतातील जातींवर होता. ते तेव्हा शिष्यवृत्तीवर शिकणारे विद्यार्थी होते. एमएचा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभार आणि अर्थव्यवहारावर, पीएचडीचा ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर, लंडनच्या डीएससीचा रुपयाच्या प्रश्नावर. हे सगळे भारताविषयीच होते. दूर बसून आपला समाज पाहता येतो, इथे न मिळणारे ग्रंथालय आणि निर्भयपणा तिथे मिळतो. ‘भारताविषयी असेल तर भारतातच शिका’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि भारतात शिकायचे म्हटले तर इथल्या फेलोशिप तरी कुठे वाढत आहेत? अल्पसंख्याक समाजातल्या संशोधकांची मौलाना आझाद फेलोशिप डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाली.

‘जात विचारणे म्हणजे जात टिकवणे’?

या आक्षेपाला उत्तर द्यायला हवे, कारण तो आपले मित्रही घेतात. लिंग विचारल्याने स्त्री-पुरुष विषमता वाढली असे कोणी म्हणत नाही. उलट मोजल्यामुळेच ती दिसली. जातीचे तेच आहे.

पण मी एक धोकाही मान्य करते. परदेशी शिष्यवृत्तीच्या भारतातल्या मुलाखत मंडळावर कोण बसतात, हे आपण पाहतो. आडनाव लपवून शिकलेली मुले आपल्यात आहेत. अशा मंडळापुढे जातीचा रकाना ठेवला तर त्याचा वापर बाजूने होईल की विरोधात, याची खात्री नाही. म्हणून माझे म्हणणे नेमके आहे. ही माहिती ऐच्छिक असावी, निवड करणाऱ्यांपुढे नावानिशी जाऊ नये, आणि दरवर्षी एकूण आकडे जाहीर व्हावेत: भारतातून किती अर्ज आले, किती निवडले, त्यांत अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी, अल्पसंख्याक किती, आणि घरातले पहिले पदवीधर किती. एवढे आकडे बाहेर आले तरी बरेच चेहरे उतरतील.

असे करता येते याचे उदाहरण आहे. फोर्ड फाउंडेशनने २००१ मध्ये एक आंतरराष्ट्रीय फेलोशिप योजना सुरू केली आणि ती २०१३ पर्यंत चालली. भारतासह २२ देशांतून चार हजार तीनशेहून जास्त जण तीत शिकले. ती ज्यांना उच्चशिक्षणाची दारे बंद असतात अशा समूहांसाठीच होती. वंचितपणा कशात आहे हे प्रत्येक देशाच्या संदर्भात ठरवले जाई, आणि भारतात त्यात जात होती. निवड झाल्यावर लगेच विमानात न बसवता भाषा, संगणक आणि संशोधनलेखनाची तयारी करून घेतली जाई. ‘वंचितांतून निवडले तर दर्जा घसरतो’ म्हणणाऱ्यांना ही योजना बारा वर्षे उत्तर देत होती. ती संपली, आणि तिच्या पद्धतीने काम करणारे तेवढे मोठे दुसरे काही उभे राहिले नाही.

ब्राझीलही आपल्यासारखाच विकसनशील देश. तिथल्या सरकारने २०१३ मध्ये कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी कार्यक्रम आखला आणि त्याला आब्दियास नासिमेंटो या कृष्णवर्णीय विचारवंताचे नाव दिले. त्याही आधी, २००२ पासून, तिथले परराष्ट्र खाते राजनैतिक सेवेच्या परीक्षेची तयारी करण्यासाठीच कृष्णवर्णीय उमेदवारांना शिष्यवृत्ती देऊ लागले. परीक्षा पास झाल्यावर मिळणारा पैसा उशिराचा असतो, हे त्यांनी ओळखले.

मागण्या आणि आपले काम

परदेशी शिष्यवृत्ती देणाऱ्यांकडे आपल्या मागण्या साध्या आहेत. वर सांगितलेले आकडे जाहीर करा. अर्जशुल्क आणि भाषापरीक्षेचा खर्च आधी द्या. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचे आणि वस्तीत काम करणाऱ्या संघटनेचे शिफारसपत्र चालवा. शिष्यवृत्तीच्या अर्जदारांकडून निकालाआधी अनामत मागू नका.

सरकारकडे: २०२२ चे विषयबंदीचे कलम काढा. जागा वाढवा, निदान पात्र ठरलेला कोणी पैशाअभावी मागे राहणार नाही एवढ्या. भत्ता त्या त्या देशाच्या व्हिसाच्या किमान खर्चाशी जोडा. निवडपत्र मे महिन्याच्या आत द्या. १९४२ मध्ये बाबासाहेबांनी गव्हर्नर-जनरलना दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या खर्चाची मागणी होती. तेव्हाही ती दया म्हणून केलेली नव्हती, सरकारी तिजोरीतला आपला वाटा म्हणून केलेली होती. आपणही त्याच हक्काने मागितले पाहिजे.

आणि काही काम आपले आहे. आपल्यातही जे शहरात राहतात, ज्यांना इंग्रजी बरी येते, जे मुलगे आहेत, त्यांना आधी कळते आणि आधी मिळते. हे आपण एकमेकांत मोकळेपणाने बोललो नाही तर दिल्लीच्या त्या मुलाला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही. ज्यांना शिष्यवृत्ती मिळाली त्यांनी फोटोबरोबर आपला एसओपी, अर्जशुल्क माफीसाठी लिहिलेला ईमेल आणि तारखांची यादीही वाटावी. ज्यांना मिळाली नाही त्यांनी नकाराची कारणे लेखी मागावीत आणि जपून ठेवावीत. माहितीच्या अधिकारात सरकारी योजनेच्या यादीविषयी विचारता येते. जे प्राध्यापक झाले आहेत त्यांनी वर्गातल्या एका तरी मुलीला तिने न मागता सांगावे की मी तुझे शिफारसपत्र लिहीन. केळुसकर गुरुजींनी काही फार मोठे अनुदान दिले नव्हते. त्यांनी पोर ओळखले आणि जिथे शब्द टाकायचा तिथे टाकला.

ऑगस्ट आला की फोन पुन्हा सुरू होतील. ‘आपल्यासारख्यांना हे मिळतं का?’ असे कोणी विचारले तर मी आता म्हणेन: मिळते, पण कमी जणांना, आणि का कमी ते मी तुला सांगते. तुझा अर्ज आपण दोघी मिळून भरू. तुला मिळाले तर पुढच्या वर्षी हा फोन तू घ्यायचा.

जय भीम.